चिमटा

खाऱ्या हवेत सायकल टिकवणं सोपं नाही, हे अलिबागला सायकलचं दुकान चालवणाऱ्यालाच कळतं. चेन आखडते, स्पोक गंजतात. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचं तर विचारूच नका, वरचा रंग शाबूत आणि आतून पोखरलेला! चाळीस वर्षं हेच करतोय, म्हणून फिलिप ताइस हा बेल्जियन सायकलपटू मला आपला वाटतो.

आपली मुंबई-पुणे शर्यत 1945 साली सुरू झाली. लहानपणी वडिलांबरोबर बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाजवळ उभा राहून मी ती पाहिली आहे. पोरांच्या मागून गाडीत जादा चाकं यायची. ताइसच्या काळात टूर द फ्रान्समध्ये असलं काही नव्हतं. पाच हजार किलोमीटरहून जास्त रस्ता, गिअर बदलायची सोय नाही, आणि मोडलं ते ज्याचं त्यानंच सांधायचं. दुसऱ्याचा हात लागला की दंड.

1913 च्या टूरमध्ये तुर्माले घाट उतरताना युजीन क्रिस्तोफ या स्पर्धकाचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो मैलोन्‌मैल चालला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः चिमटा सांधला. भाता एका पोराने ओढला, तर त्याचाही दंड! ती शर्यत ताइसने 8 मिनिटं 37 सेकंदांनी जिंकली. लोक म्हणतात, नशीब. मला ते पटत नाही. सायकल न मोडता घाट उतरणं हेही कसबच आहे.

पुढची शर्यत 28 जून 1914 रोजी सुटली. त्याच दिवशी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. शेवटून दुसऱ्या टप्प्यात ताइसची सायकल मोडली, दुरुस्ती नियमात बसली नाही आणि 30 मिनिटांचा दंड झाला. तरी पॅरिसला तो 1 मिनिट 50 सेकंदांनी पहिला आला. त्याच्या तिन्ही विजयांत मी हाच मोठा मानतो.

मग महायुद्ध. फाबेर, लापीझ, पेती-ब्रेतों हे टूर जिंकलेले तिघेही त्यात गेले. ताइस वाचला आणि 1920 मध्ये जवळजवळ तासाभराच्या फरकाने पुन्हा जिंकला. टूर तीनदा जिंकणारा तो पहिला. त्याची बरोबरी व्हायला 1955 उजाडलं.

यंदा पावसाळा संपला की कार्लेखिंडीत सायकल घालण्याआधी पुढचं चाक काढा आणि चिमटा मुळापासून हाताने चाचपून पाहा. तडा दिसला तर वेल्डिंग करू नका, नवा बसवा.