आधी गळती शोधा, मग फरशी फोडा

वऱ्हाडात पाण्याची किंमत कोणाला समजावून सांगावी लागत नाही. अकोला शहराला महानच्या काटेपूर्णा धरणातून पाणी येते, तर अमरावतीला मोर्शीजवळ सिंभोरा येथील अप्पर वर्धा धरणातून. अकोल्यात नळ रोज येत नाही. मध्ये काही दिवस कोरडे जातात. म्हणून घरोघरी जमिनीत टाके, गच्चीवर प्लॅस्टिकची टाकी आणि पाणी वर चढवायला मोटर असा सरंजाम असतो. एवढ्या खटाटोपाने साठवलेले पाणी भिंतीत मुरून जात असेल तर ते नुकसान दुहेरी आहे. पाणी तर जातेच, घरही खराब होते.

थेंबाचा हिशेब करून पाहावा. गळत्या तोटीखाली पाव लिटरचा ग्लास ठेवा. तो पंधरा मिनिटांत भरला तर तासाला एक लिटर, दिवसाला २४ लिटर आणि वर्षाला ८,७६० लिटर पाणी वाया गेले. म्हणजे हजार लिटरच्या जवळजवळ नऊ टाक्या!

तोटीची गळती डोळ्यांना दिसते. खरी अडचण आहे ती भिंतीतल्या आणि फरशीखालच्या गळतीची. तेथे नेहमी काय घडते? भिंतीला ओल दिसते, कारागीर येतो, ओलीच्या जागी छिन्नी लावतो. पाइप तेथे धड निघतो. मग हातभर पुढे फोडतो. दोन दिवसांत न्हाणीघराची नासाडी होते, मालक चिडतो, मजुरीवरून वाद होतो. यात दोष एकट्या कारागिराचा नाही. फोडण्याची आणि जोडण्याची मजुरी द्यायला आपण तयार असतो. शोधण्याची मजुरी द्यायला कोणी तयार नसतो. म्हणून कारागीरही शोधत बसत नाही. आमचे म्हणणे असे की, या धंद्याचे खरे हुन्नर शोधण्यातच आहे.

ओल केव्हा वाढते?

पाणी उताराने आणि सांध्यांतून वाट काढते. त्यामुळे ओल दिसते तेथेच गळती असेल असे नाही. म्हणून "ओल कोठे आहे?" याआधी "ओल केव्हा वाढते?" हे घरातल्या बायामाणसांना विचारावे. घरात दिवसभर वावरणाऱ्यांना ते नेमके ठाऊक असते.

उत्तरे चार प्रकारची येतात. नळ येतो त्या दिवशीच ओल वाढत असेल, तर दोष रस्त्यावरील जोडणीपासून टाक्यापर्यंतच्या पाइपात आहे. त्या पाइपात इतर दिवशी दाबच नसतो. ओल रात्रंदिवस सारखी राहत असेल, तर गच्चीवरील टाकीपासून खाली येणारा पाइप गळतो, कारण त्यात पाणी कायम उभे असते. आंघोळ किंवा धुणे झाल्यावरच ओल येत असेल, तर पुरवठ्याचा पाइप निर्दोष असून न्हाणीचा ट्रॅप, फरशीचे सांधे किंवा सांडपाण्याचा पाइप तपासावा. आणि फक्त पावसाळ्यात ओल येत असेल, तर ते काम गच्चीचे आहे, नळाचे नाही. या एका प्रश्नाने निम्मे काम होते आणि त्याला छिन्नी लागत नाही.

न फोडता करायच्या परीक्षा

पहिली परीक्षा टाकीची. रात्री सर्व तोट्या बंद करून, मोटर न चालवता, टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करावी. टाकीतून निघणारा व्हॉल्व्ह उघडाच ठेवावा. सकाळी पातळी पाहावी. टाकीचा व्यास एक मीटर असेल, तर एक सेंटिमीटर उतार म्हणजे सुमारे आठ लिटर पाणी गेले. दुसऱ्या रात्री हीच परीक्षा व्हॉल्व्ह बंद करून करावी. तरीही पातळी उतरली तर टाकीच गळते किंवा व्हॉल्व्ह पक्का बंद होत नाही. उतरली नाही तर दोष खालच्या पाइपात आहे. मग संडास, न्हाणी आणि स्वयंपाकघर यांचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद करत गेले की दोषी शाखा सापडते.

दुसरी परीक्षा मीटरची. नळ आल्यावर आधी पाइपातली हवा निघून जाऊ द्यावी, कारण हवेनेही मीटर फिरतो. मग टाक्याचा कॉक आणि घरातील सर्व तोट्या बंद कराव्या. तरी काटा फिरत असेल तर मीटर आणि टाके यांच्यामध्ये पाणी जात आहे.

तिसरी फ्लशच्या टाकीची. तिच्यात खाण्याचा गडद रंग टाकावा आणि अर्धा तास फ्लश करू नये. रंग भांड्यात उतरला तर आतील रबर झिजले आहे. ही गळती आवाज करत नाही, म्हणून महिनोन्‌महिने चालते.

चौथी न्हाणीची. ट्रॅपचे तोंड कापडी बोळ्याने घट्ट बंद करून दोन इंच पाणी चोवीस तास उभे ठेवावे. खाली ओल वाढली तर फरशीचे सांधे दोषी. वाढली नाही आणि बोळा काढताच वाढली, तर ट्रॅप किंवा पुढचा पाइप दोषी.

वऱ्हाडातील तीन कारणे

पुस्तकात गळतीची कारणे अनेक दिलेली असतात. आपल्या भागात तीन ठळक आहेत.

पहिले कारण ऊन. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. गच्चीवरील प्लॅस्टिकचा पाइप तापून लांबतो आणि रात्री आखडतो. दहा मीटर पाइपात २० अंशांचा फरक पडला तर लांबी एक सेंटिमीटरहून जास्त बदलते. पाइप दोन्ही टोकांना सिमेंटमध्ये जाम केलेला असेल तर हा सारा ताण एल्बोवर येतो आणि सांधा सुटतो. म्हणून क्लॅम्प पाइपाला सरकू देईल असा ढिला ठेवावा, लांब ओळीत एखादे वळण द्यावे आणि उन्हातला पाइप रंगवावा किंवा झाकावा. नुसता सांधा पुन्हा चिकटवला तर पुढच्या उन्हाळ्यात तोच सांधा पुन्हा सुटेल.

दुसरे कारण खारे पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. तेथील बोअरचे पाणी लोखंडी पाइपाला खाते. आटे पाडताना जस्ताचा थर निघतो आणि पाइपाची जाडीही कमी होते, म्हणून गंज आधी आट्यांवर चढतो. अशा पाइपाला एक भोक पडले म्हणजे शेजारी दुसरे तयारच असते. क्लॅम्प लावणे हा चार दिवसांचा उपाय. तेवढा तुकडा बदलून प्लॅस्टिकचा टाकणेच शहाणपणाचे.

तिसरे कारण गाळ. काही दिवस कोरडा राहिलेला पाइप भरतो तेव्हा पहिले पाणी माती घेऊन येते. तिचे कण वॉशरखाली अडकतात आणि तोटी टपकू लागते. मशिदीचा वजूखाना, शाळा, मंगल कार्यालय अशा पुष्कळ तोट्यांच्या ठिकाणी हा खर्च मोठा होतो. पहिले पाणी बादलीत घेऊन झाडांना घालावे आणि मगच टाके भरावे.

जोड पक्का कसा होतो?

पाइप काटकोनात कापावा, कडेचा कीस काढावा, दोन्ही भाग कोरडे व स्वच्छ करावे. सोल्युशन पातळ लावून पाइप पाव वळसा देत आत दाबावा आणि अर्धा मिनिट धरून ठेवावा. भर उन्हात सोल्युशन जोडण्याआधीच सुकते, म्हणून हे काम सकाळी किंवा सावलीत करावे. पीव्हीसीचे सोल्युशन सीपीव्हीसीला चालत नाही. पूर्ण दाब देण्याआधी शक्यतो एक दिवस थांबावे. प्लॅस्टिकच्या आट्यांना पान्याने फार आवळू नये, फिटिंग चिरते. आणि भिंत बुजवण्याआधी पाइप भरून, सर्व तोट्या बंद करून एक रात्र पाहावे.

गळती हा आरोग्याचाही प्रश्न आहे. पाइप रिकामा असतो तेव्हा ज्या फटीतून पाणी बाहेर जाते त्याच फटीतून गटाराचे पाणी आत येते. नळाला थेट मोटर लावली तर ते अधिकच ओढले जाते. २०१२ साली इचलकरंजीत नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची मोठी साथ आली होती. नालीतून जाणारा नळाचा पाइप म्हणूनच आधी बदलावा.

मजुरी आणि हुन्नर

ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्यातील पट्टामुंडई भागातले लोक पिढ्यान्‌पिढ्या प्लंबिंगचे काम करत आले आणि आज देशभरच्या शहरांत त्यांना मागणी आहे. आपल्याकडेही आयटीआयमध्ये प्लंबरचा अभ्यासक्रम आहे. घरोघरी पाइप आणि टाक्या वाढल्या आहेत. काम कमी पडणार नाही. कमी आहे तो विश्वास.

तरुण कारागिरांना आमची सूचना अशी: तपासणीची मजुरी वेगळी सांगा, परीक्षा मालकासमोर करा, जे सापडले ते कागदावर लिहून द्या आणि मगच छिन्नी उचला. आणि घरमालकांना विनंती अशी की, ज्याने फोडाफोड न करता दोष दाखवला त्याला हात आखडता घेऊन पैसे देऊ नका. त्याने तुमची फरशी वाचवली आहे.