ओझे, रस्ता आणि गावातील दुकान : रोजच्या सायकलीसाठी सुट्या भागांची निवड

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील फेरीनुसार देशातील सुमारे निम्म्या कुटुंबांकडे सायकल आहे. पश्चिम बंगाल, उत्तर प्रदेश, ओडिशा व छत्तीसगड या राज्यांत हे प्रमाण त्याहून बरेच अधिक आहे. दुधाच्या किटल्या संकलन केंद्रावर पोहोचविणे, भाजीची पोती पहाटेच्या बाजारात नेणे, चाऱ्याचा भारा गोठ्यात आणणे, बांधाबांधाने फिरून पिकाची पाहणी करणे अशी अनेक कामे आजही सायकलीवर होतात. इंधनाचा खर्च नसल्याने अल्पभूधारक कुटुंबास हे वाहन परवडते. मात्र ते ऐन वेळी बंद पडले तर नुकसान मोठे होते. वाटेत आरे तुटून संकलनाची वेळ चुकली की दूध नासते, आणि पावसात उतारावर ब्रेक लागला नाही तर जिवावर बेतते.

असे प्रसंग बहुधा सायकल जुनी झाल्यामुळे येत नाहीत. कामास न साजणारे भाग बसविल्यामुळे ते येतात. चकचकीत रंग, जाड दिसणारी नळी किंवा गिअरांची संख्या पाहून सायकल घेतली जाते आणि चाक, ब्रेक, कॅरिअर यांकडे दुर्लक्ष होते. रोजच्या सायकलीचा भाग निवडताना तीन प्रश्न विचारावेत. तो किती ओझे वाहणार आहे? कोणत्या रस्त्यावर चालणार आहे? आणि तो बिघडल्यास गावातील किंवा आठवडी बाजारातील दुकानात दुरुस्त होईल काय? यांतील तिसरा प्रश्न सर्वाधिक विसरला जातो.

चाक : ओझ्याचा खरा आधार

कॅरिअरवर ओझे लादले की बहुतेक भार मागच्या चाकावर येतो. वीस लिटर दूध सुमारे साडेवीस किलो भरते. दोन्ही बाजूंस तेवढ्या क्षमतेच्या किटल्या लावल्या, तर केवळ दुधाचेच वजन एक्केचाळीस किलो होते. किटल्या व स्वार निराळे. जुन्या पद्धतीच्या भारवाहू सायकलीत पुढच्या चाकास ३२ आणि मागच्या चाकास ४० आरे असतात, त्यामागे हेच कारण आहे. हलक्या सायकलींना दोन्ही चाकांस ३६ किंवा त्याहून कमी आरे असू शकतात. ओझे वाहायचे असल्यास मागचे चाक किमान ३६ आऱ्यांचे असावे आणि आरे जाड तारेचे असावेत.

आरा तुटण्याचे कारण अनेकदा त्याचा सैलपणा हे असते. सैल आरा चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात थोडा वाकतो, पुन्हा सरळ होतो आणि अखेर हबजवळच्या बाकावर तुटतो. नवीन चाक पहिल्या काही आठवड्यांत थोडे ढिले पडते. म्हणून महिनाभराने दुकानात नेऊन आरे कसून घ्यावेत व चाकाचा ‘आऊट’ काढून घ्यावा. घरच्या घरी तपासणीसाठी प्रत्येक आरा बोटाने छेडावा. ज्याचा आवाज बोदा येतो तो सैल असतो. एक आरा तुटला तर त्याचा भार शेजारच्या आऱ्यांवर जातो, त्यामुळे दुरुस्ती लांबणीवर टाकू नये.

टायर : आकड्यांचा घोळ

टायरच्या आकारात ग्राहकाची सर्वाधिक फसगत होते. ‘२६ इंची’ या एकाच नावाखाली किमान दोन वेगळे आकार बाजारात आहेत. २६ × १ ३/८ हा आकार जुन्या लेडीज सायकलींना व अनेक साध्या सायकलींना लागतो आणि त्याच्या रिमचा बैठक-व्यास ५९० मिलिमीटर असतो. २६ × १.७५ किंवा २६ × १.९५ हा आकार जाड टायरच्या सायकलींचा असून त्याचा व्यास ५५९ मिलिमीटर आहे. एकाचे टायर दुसऱ्यावर बसत नाही. ‘२८ इंची’बाबतही तसेच आहे. भारवाहू सायकलीच्या २८ × १ १/२ टायरचा व्यास ६३५ मिलिमीटर, तर नव्या शहरी सायकलींच्या ७०० सी टायरचा व्यास ६२२ मिलिमीटर असतो.

टायरच्या बाजूवर ४०-६३५ किंवा ३७-५९० अशी जोडसंख्या छापलेली असते. तिच्यातील पहिला आकडा रुंदी व दुसरा बैठक-व्यास सांगतो. दुकानात जाताना ही जोडसंख्या लिहून न्यावी. नवी सायकल घेण्यापूर्वी त्या आकाराचे टायर व ट्यूब जवळच्या बाजारात मिळतात की नाही, याची चौकशी करावी. जिल्ह्याच्या ठिकाणाहून टायर मागवावे लागत असेल, तर सायकल आठवडाभर उभी राहणार हे गृहीत धरावे.

बाभळीचे काटे आणि सराटे असलेल्या वाटांवर जाड पृष्ठभागाचे टायर घ्यावे. टायर व ट्यूब यांच्यामध्ये संरक्षक पट्टी घालता येते. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतील बाजूने कापडाचा बोळा फिरवून अडकलेला काटा शोधावा. तो राहिला तर नवी ट्यूबही त्याच दिवशी फुटते. हवा कमी असताना ओझ्यासह खड्ड्यात चाक गेले, तर रिमच्या दोन कडांखाली ट्यूब चिमटली जाऊन शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. असे जोडछिद्र दिसले की दोष काट्याचा नसून कमी हवेचा आहे हे ओळखावे. हवेचा योग्य दाब टायरच्या बाजूवर छापलेला असतो.

व्हॉल्व्हचाही विचार करावा. रबरी वालट्यूब असलेला जुना व्हॉल्व्ह गावातील पंपाने भरता येतो आणि वालट्यूब कोणत्याही दुकानात मिळते. मोटारसायकलीसारखा व्हॉल्व्ह असल्यास पेट्रोल पंपावर हवा भरता येते. मात्र तेथील हवा झपाट्याने भरते, म्हणून थोडी थोडी भरावी. शर्यतीच्या सायकलींचा बारीक व्हॉल्व्ह ग्रामीण वापरासाठी गैरसोयीचा ठरतो.

ब्रेक : पावसाळ्याची कसोटी

पोलादी, चकाकत्या रिमवर रबराचे ब्रेक कोरड्या हवेत ठीक चालतात. रिम ओली झाली की त्यांची पकड फार कमी होते आणि थांबण्यास लागणारे अंतर बरेच वाढते. ॲल्युमिनियमच्या रिमवर ओल्या हवेतही पकड तुलनेने चांगली राहते. म्हणून पावसाळी प्रदेशात किंवा उताराच्या वाटेवर चाक बदलण्याची वेळ आली, तर दुहेरी भिंतीची मजबूत ॲल्युमिनियम रिम घेणे हिताचे. त्यापूर्वी एक पडताळणी आवश्यक आहे. सळईच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूस लागते, तर केबलच्या ब्रेकचे रबर रिमच्या कडेस लागते. ब्रेकच्या प्रकाराशी न जुळणारी रिम बसविल्यास ब्रेक लागतच नाही.

सळईचा ब्रेक दणकट असतो, पण त्याची जुळवणी वेळोवेळी करावी लागते. केबलचा ब्रेक दुरुस्तीस सोपा असून त्याची तार व रबर सर्वत्र मिळतात. स्वस्त सायकलींवरील डिस्क ब्रेक चिखलात चांगले काम देतात. तथापि त्यांचे पॅड लहान गावात मिळत नाहीत आणि ब्रेकचा सांगाडा अनेकदा कॅरिअरच्या टेकूच्या आड येतो. निवड कोणतीही असो, दोन्ही ब्रेक चालू असलेच पाहिजेत. पावसात उतार लागण्यापूर्वीच ब्रेक हलके दाबून रिमवरील पाणी पुसून काढावे आणि वेग वाढू देऊ नये. रबर खाचांपर्यंत झिजले की ते बदलावे. ते झिजून धातू उघडा पडला तर रिमही खराब होते.

दात मोजून गिअर ठरवावा

साध्या सायकलीत पुढच्या दातचक्रास ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात असणे ही नेहमीची जोडी आहे. पेडलच्या एका फेऱ्यात चाक सुमारे २.४४ फेरे घेते आणि २८ इंची सायकल जवळपास साडेपाच मीटर पुढे जाते. ओझे कमी असताना हे ठीक असते. भरलेल्या किटल्यांसह चढ लागला की गुडघ्यांवर ताण येतो. अशा वेळी १८ ऐवजी २० दातांचे फ्रीव्हील बसविल्यास पेडलवर लागणारा जोर दहा टक्क्यांनी कमी होतो आणि २२ दातांचे बसविल्यास जवळपास अठरा टक्क्यांनी. वेग त्याच प्रमाणात घटतो, पण ओझे वाहणाऱ्यास वेगापेक्षा दमसास महत्त्वाचा. फ्रीव्हील बदलताना साखळीत कडी वाढवावी लागू शकते. तेवढे ध्यानात ठेवावे.

गंगेच्या मैदानात किंवा किनारपट्टीच्या सपाट रस्त्यावर एकच गिअर पुरेसा असतो. सह्याद्रीच्या घाटवाटा, हिमाचल किंवा ईशान्येकडील टेकड्यांत अनेक गिअरांची सायकल खरोखर उपयोगी पडते. तेथेही पुढे एक आणि मागे सहा-सात चकत्यांची साधी रचना घ्यावी. पुढील तीन चकत्यांमुळे दुरुस्तीच्या जागा वाढतात. मागचा गिअर बदलणारा भाग जमिनीलगत लोंबत असल्याने त्यात चारा, काटक्या व चिखल अडकतो. शेतातून बाहेर पडल्यावर तो साफ करावा.

साखळी झिजली आहे की नाही हे साध्या पट्टीने तपासता येते. एका पिनच्या मध्यापासून चोवीस सांधे मोजावेत. नव्या साखळीत हे अंतर बरोबर बारा इंच भरते. ते एक अष्टमांश इंचाने वाढले असेल तर साखळी बदलावी, अन्यथा दातचक्रेही झिजतात. गिअरच्या सायकलीत एक षोडशांश इंच वाढ दिसताच साखळी बदलावी. साखळीस इंजिनातून काढलेले काळे तेल घालण्याची सवय सोडावी. त्यातील धातूचे कण साखळी घासतात आणि असे तेल त्वचेलाही घातक असते. नवे तेल थेंब थेंब घालून वरचे पुसून घ्यावे.

कॅरिअर, बैठक आणि दिवे

हलक्या ॲल्युमिनियम कॅरिअरवर अनेकदा २५ किलो ही मर्यादा छापलेली असते. दूध किंवा भाजीसाठी जाड सळईचे, मागच्या ॲक्सलवर टेकणारे पोलादी कॅरिअरच घ्यावे. ओझे शक्य तितके खाली आणि दोन्ही बाजूंस समान विभागावे. उंच रचलेले ओझे वळणावर सायकल ओढून नेते. जड ओझ्यासाठी एका पायाच्या स्टँडऐवजी दुपायी स्टँड बसवावा. झारखंडमध्ये दोन क्विंटलहून अधिक कोळसा लादलेल्या सायकली दिसतात, पण त्या चालवत नाहीत, ढकलत नेतात. ठरावीक मर्यादेपलीकडे सायकल ही हातगाडी होते आणि तिचे ब्रेक निरुपयोगी ठरतात.

बैठकीची उंची साध्या रीतीने ठरते. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय जवळजवळ सरळ व्हावा. बैठक याहून खाली असल्यास गुडघे दुखतात. सायकल पोटापाण्यासाठी वापरणाऱ्यांमध्ये ही तक्रार नेहमीची आहे आणि बहुतेक वेळा ती पान्याच्या एका फेऱ्याने दूर होते.

प्रकाशाची साधने ऐच्छिक मानू नयेत. ताशी साठ किलोमीटर वेगाने येणारे वाहन सेकंदाला सुमारे सतरा मीटर अंतर कापते. परावर्तकामुळे सायकल शंभर मीटरवरून दिसली तर चालकास सहा सेकंद मिळतात. तीस मीटरवरून दिसली तर दोन सेकंदही मिळत नाहीत. पहाटे दूध नेणाऱ्यासाठी हा फरक प्राणरक्षक आहे. केंद्र शासनाने २०२० मध्ये सायकलींच्या परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आहे. पुढे पांढरा, मागे लाल आणि पेडलवर पिवळे परावर्तक असावेत. किटल्या किंवा पोत्यांमुळे मागचा परावर्तक झाकला जातो, म्हणून ओझ्याच्या मागच्या बाजूसही परावर्तक पट्टी चिकटवावी. डायनामोचा दिवा सायकल थांबली की विझतो. त्याच्या जोडीला बॅटरीचा लाल दिवा ठेवावा.

वापरणाऱ्याचे मत विचारात घ्यावे

तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेचा भाग म्हणून हजारो ग्रामीण महिला सायकल शिकल्या. शेतमाल बाजारात नेणे, पाणी आणणे, मुलांना सोबत घेणे या कामांसाठी त्यांनी तिचा उपयोग केला. तेथील काही महिलांनी लेडीज सायकलीपेक्षा आडव्या दांड्याची सायकल पसंत केली, कारण त्या दांड्यावर मूल बसविता येते. कोणता भाग सोयीचा, हे रोज सायकल चालविणारी व्यक्तीच सांगू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. साडी नेसून चालविणाऱ्यांसाठी पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकावरील जाळी मात्र अवश्य असावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

- दूध संस्था व बचत गटांच्या बैठकीत पावसाळ्यापूर्वी सायकल तपासणीचा एक दिवस ठेवावा. आरे, ब्रेकचे रबर, साखळी, टायर व परावर्तक हे पाच भाग तपासावेत.
- गटातील सायकलींच्या टायरची जोडसंख्या, आऱ्यांची लांबी व फ्रीव्हीलचे दात यांची नोंद करून स्थानिक दुकानदारास द्यावी, म्हणजे तो नेमके भाग आणून ठेवू शकेल.
- शिवारफेरीच्या सायकलीसोबत पान्यांचा संच, पंप, पंक्चरचे साहित्य, एक ट्यूब आणि दोन वालट्यूब बाळगाव्यात.
- खर्च मर्यादित असल्यास प्रथम ब्रेक व टायर, नंतर मागचे चाक व कॅरिअर आणि त्यानंतर गिअर असा क्रम ठेवावा. परावर्तकांचा खर्च अल्प असल्याने ते लगेच लावावेत.
- निकामी सायकल भंगारात घालू नये. तिचे सुस्थितीतील चाक व हँडल वापरून गावातील लोहार सायकल कोळपे तयार करू शकतो. ओळीत पेरलेल्या पिकांत आंतरमशागतीसाठी ते उपयोगी पडते.