बंद नाक आणि पुढे आलेली मान

तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाची मान समोरून कळत नाही. त्याला दाराच्या चौकटीशी बाजूने उभे करावे लागते. मग दिसते की, कानाचे छिद्र खांद्याच्या बरेच पुढे गेले आहे, हनुवटी वर उचललेली आहे, मानेमागे आडवी घडी पडली आहे आणि खांदे पुढे झुकले आहेत. ओठ मिटायला सांगितले की हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे उमटतात, कारण जे ओठ सहज मिटायला हवेत, ते स्नायूंना ताणून मिटवावे लागतात. थंड स्टीलचा चमचा नाकपुड्यांखाली धरला, तर वाफेचे दोन ठिपके उमटावेत. ते अगदी पुसट असले, तर नाकातून हवा नीट वाहत नाही असे समजावे.

अडथळा पुष्कळदा अॅडेनॉइडचा असतो. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला असलेला हा रोगप्रतिकारक पेशींचा पुंजका बालपणी वाढतो आणि किशोरवयात आक्रसतो; कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मायर यांनी १८६८ मध्ये त्याच्या वाढीचा विकार वर्णिला. पुंजका फुगला किंवा अॅलर्जीने नाक चोंदले की मूल तोंड उघडते, जीभ टाळू सोडून खाली बसते आणि डोके पुढे सरकून मागे कलते, कारण त्या स्थितीत घशातील वाट रुंदावते. म्हणजे ही मान आळसाची नाही, श्वासासाठी शरीराने केलेली तडजोड आहे. 'पोक काढू नकोस' असे बजावून ती सुटत नाही. सोलो आणि क्राइबॉर्ग या संशोधकांनी १९७७ मध्ये असे मत मांडले की, डोके मागे कलल्याने चेहऱ्याची त्वचा व स्नायू ताणले जातात आणि तो ताण जबड्यांच्या वाढीलाही वळण लावतो. अर्थात, दप्तर आणि मोबाइल यांमुळेही मान पुढे येते, म्हणून नाक आणि सवयी या दोन्ही बाजू तपासाव्यात.

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथच्या पालेगावात शेतांच्या जागी गृहसंकुले उभी राहत असताना बांधकामाची धूळ दारापर्यंत येते आणि मुलाचे चोंदलेले नाक 'सर्दी आहे' म्हणून सोडून दिले जाते. मुलांची आरोग्य तपासणी करणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत किंवा शाळेत आले की, पालकांनी व शिक्षकांनी अशा मुलाचा आवर्जून उल्लेख करावा. मूल रोज घोरत असेल किंवा झोपेत त्याचा श्वास अडखळत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावे. मुलाने नाकाने श्वास घ्यावा म्हणून त्याच्या तोंडाला चिकटपट्टी लावण्याचा प्रयोग मात्र कधीही करू नये.