स्थिर निवृत्तिवेतन आणि चलनवाढ : वृद्धापकाळ साहाय्याच्या वास्तव मूल्याचे विवेचन

शासनाने एखाद्या लाभाची रक्कम कमी केली तर तिची चर्चा होते, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. रक्कम तशीच ठेवून किमती वाढू दिल्या तर तोच परिणाम कोणत्याही निर्णयाविना साधला जातो. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमातील वृद्धापकाळ निवृत्तिवेतन हे याचे ठळक उदाहरण होय.

१९९५ मध्ये ही योजना सुरू झाली, तेव्हा केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये होता. २००६ मध्ये तो २०० रुपये करण्यात आला. २००७ मध्ये योजनेस इंदिरा गांधींचे नाव देण्यात आले, २०११ मध्ये वयाची अट ६० वर्षांपर्यंत शिथिल झाली व ८० वर्षांवरील वृद्धांसाठी रक्कम ५०० रुपये झाली. मात्र ६० ते ७९ या वयोगटासाठी २०० रुपयांचा आकडा हलला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ६० अर्थतज्ज्ञांनी केंद्रीय अर्थमंत्र्यांना पत्र लिहून याकडे लक्ष वेधले होते. तरीही स्थिती बदलली नाही.

या २०० रुपयांचे वास्तव मूल्य काढणे कठीण नाही. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक (पायाभूत वर्ष २००१) डिसेंबर २००७ मध्ये १३४ होता. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या मालिकेतील (पायाभूत वर्ष २०१६) निर्देशांक १४३.७ होता. त्यास २.८८ या जोड-गुणकाने गुणले असता जुन्या मालिकेत सुमारे ४१४ हा आकडा मिळतो. म्हणजेच किंमतपातळी ३.०९ पट झाली. २०० रुपयांची क्रयशक्ती डिसेंबर २००७ च्या किमतींनुसार सुमारे ६५ रुपयांवर आली. ती टिकवण्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये ६१८ रुपये द्यावे लागले असते.

याच निर्देशांकावर केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा ठरतो. सातव्या वेतन आयोगानंतर शून्यापासून सुरू झालेला हा भत्ता जानेवारी २०२५ पासून ५५ टक्के झाला. भाववाढीची भरपाई करण्याची यंत्रणा शासनाकडे आहे, ती नियमितपणे चालते. फक्त निराधार वृद्ध तिच्या कक्षेबाहेर राहिला. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील १,००० रुपयांचे किमान निवृत्तिवेतनही सप्टेंबर २०१४ नंतर दहा वर्षांत वाढले नाही.

शिवाय वरील हिशेब सौम्यच म्हणावा लागेल. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात अन्न व पेये यांचा भार सुमारे ३९ टक्के आहे, तर शेतमजुरांच्या १९८६-८७ पायाभूत वर्षाच्या निर्देशांकात अन्नाचा भार सुमारे ६९ टक्के होता. ज्याचा बहुतेक खर्च धान्य, डाळ, तेल व औषधे यांवर होतो, त्याला अन्नधान्याची भाववाढ सरासरीपेक्षा अधिक जाचते.

महाराष्ट्रात राज्याने ही तूट काही अंशी भरून काढली. श्रावणबाळ योजनेची एकत्रित रक्कम २०१९ मध्ये ६०० वरून १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. जुलै २०१९ ते जुलै २०२३ या काळात उपरोक्त निर्देशांक सुमारे २६ टक्के वाढला, म्हणजे २०२३ ची वाढ भाववाढीपेक्षा निश्चितच अधिक होती. तथापि अशी वाढ केव्हा होईल याचा नियम नाही, आणि दोन वाढींमधील वर्षांत झालेली झीज कोणी भरून देत नाही. लाभार्थ्याला हक्काऐवजी घोषणेची वाट पाहावी लागते. केंद्राच्या वाट्याचे लाभार्थी घेतले तर ६०० पैकी ४०० रुपये राज्य देत होते, १,५०० पैकी १,३०० रुपये देऊ लागले. चलनवाढीने केंद्राचा भार असा राज्यावर सरकवला, हे वित्तीय संघराज्याच्या अभ्यासकांनी विचारात घेण्याजोगे आहे.

रकमेइतकीच पात्रतेची मर्यादाही झिजते, याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा २०२४ मध्येही २१,००० रुपये होती. महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी प्रतिदिन २९७ रुपये होती. त्या दराने वर्षात ७१ दिवस काम केले की मजुरी २१,०८७ रुपये होते आणि कुटुंब मर्यादेबाहेर जाते. मजुरी निर्देशांकाशी जोडलेली असल्यामुळे दरवर्षी वाढते, मर्यादा गोठलेली असते. परिणामी कुटुंबाची गरिबी न हटताही ते कागदोपत्री अपात्र ठरू शकते. ज्याला लाभ मिळतो त्याची क्रयशक्ती घटते, आणि ज्याला तो मिळायला हवा तो अर्जाच्या टप्प्यावरच वगळला जातो. यांपैकी दुसरे नुकसान लाभार्थ्यांच्या कोणत्याही यादीत दिसत नाही.