रविवारची वाचने, आठवड्याचे प्रश्न : विधवेच्या दोन टोल्या

या रविवारचे शुभवर्तमान इतके ओळखीचे आहे की धर्मगुरूंनी वाचायला सुरुवात करण्याआधीच प्रवचन कशावर होणार हे लोकांना ठाऊक असते. मंदिराच्या दानपेटीत श्रीमंतांनी पुष्कळ टाकले, गरीब विधवेने दोन टोल्या टाकल्या आणि येशूने तिचे दान सर्वांत मोठे ठरवले. मग आपला प्रश्नही ठरलेला असतो : मी देवाला किती देतो? प्रश्न चांगला आहे, पण तो वाचन सुरू होण्याआधीपासूनच आपल्या मनात तयार होता. वाचनाने आपल्याला विचारलेला हा प्रश्न नव्हे. स्वतःकडे वळण्याआधी मजकुराला प्रश्न विचारायचे, ही शिस्त या लेखमालेत आपण सुरुवातीपासून पाळत आलो आहोत. या आठवड्यात तिची फार गरज आहे.

वाचने अशी आहेत. सामान्यकाळातला बत्तिसावा रविवार, वर्ष ‘ब’ : पहिले वाचन १ राजे १७:१०-१६, प्रतिसादाला स्तोत्र १४६, दुसरे वाचन इब्री लोकांस पत्र ९:२४-२८, शुभवर्तमान मार्क १२:३८-४४. हा रविवार ६ ते १२ नोव्हेंबरच्या दरम्यान येतो. सामान्यकाळात पहिले वाचन शुभवर्तमानाशी मेळ पाहून निवडलेले असते, म्हणून आज दोन विधवा समोरासमोर आल्या आहेत. दुसऱ्या वाचनाचे तसे नसते. इब्री लोकांस पत्र सत्ताविसाव्या रविवारपासून ओळीने चालू आहे, त्याला ओढूनताणून विधवांशी जोडू नये. ख्रिस्ताने स्वतःचे अर्पण एकदाच केले आणि ते कायमचे पुरले, एवढे त्यातले मुख्य म्हणणे मनात ठेवून पुढे जाऊ.

वाचनांची ही मांडणी १९६९ सालची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या दस्तऐवजात बायबलचे भांडार श्रद्धावंतांसाठी अधिक सढळपणे उघडावे असे सांगितले आणि त्यातून तीन वर्षांचे चक्र तयार झाले. ‘अ’ वर्षी मत्तय, ‘ब’ वर्षी मार्क, ‘क’ वर्षी लूक. त्याआधी रविवारची वाचने दरवर्षी तीच असत. या चक्राने केवढी श्रीमंती आपल्या हाती आली, हे जुन्या पिढीला वेगळे सांगायला नको. पण रविवारचे वाचन हा मोठ्या कथेचा काढून घेतलेला तुकडा असतो. तो कुठे सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा हे कुणीतरी ठरवलेले असते. म्हणून अभ्यासाचा पहिला प्रश्न नेहमी हाच : या तुकड्याच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे?

आज या प्रश्नाला फार मोठे उत्तर मिळते. शुभवर्तमानाचे दोन पर्याय वाचनग्रंथात दिले आहेत, पूर्ण वाचन ३८ ते ४४ आणि छोटे वाचन ४१ ते ४४. छोटे वाचन घेतले की दानपेटीपासून सुरुवात होते आणि तीन वचने गळतात. त्या तीन वचनांत शास्त्री आहेत. लांब झगे घालून मिरवणारे, बाजारात नमस्कार घेणारे, सभास्थानात आणि मेजवानीत पहिली जागा धरणारे. लोकांना दिसाव्यात म्हणून ते लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरे गिळतात. हे शब्द येशूच्या तोंडून निघतात न निघतात तोच एक विधवा समोर येते, आणि तिच्याजवळ दोन नाण्यांपलीकडे काही उरलेले नाही. मार्कने हे दोन प्रसंग एकमेकांना खेटून ठेवले आहेत. मग प्रश्न पडायलाच हवा : हिचे घर कुणी गिळले?

आता नंतरचे पाहू. बायबलची आजची अध्यायविभागणी तेराव्या शतकातली, त्यामुळे ‘अध्याय १३’ हा आकडा पाहून थांबण्याचे कारण नाही. विधवेचा प्रसंग संपतो आणि पुढच्याच वाक्यात येशू मंदिरातून बाहेर पडतो. एक शिष्य त्या प्रचंड दगडांकडे आणि इमारतींकडे बोट दाखवून कौतुक करतो. येशू सांगतो की यातला एकही दगड दुसऱ्यावर राहणार नाही. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर पाडले. म्हणजे जिच्यासाठी त्या बाईने आपली सगळी उपजीविका टाकली, त्या वास्तूच्या नाशाचे बोलणे तिच्या पाठोपाठ येते. हे वाचन आपल्याकडे या वर्षी कुठल्याच रविवारी येत नाही. पुढच्या रविवारी आपण थेट १३:२४ वर उडी घेतो. ‘रिवाइज्ड कॉमन लेक्शनरी’ वापरणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मात्र पुढच्या रविवारी १३:१-८ वाचतात, त्यामुळे तिथे ही जोडणी ऐकणाऱ्याच्या कानावर पडते.

अमेरिकन कॅथलिक बायबल अभ्यासक अॅडिसन राइट यांनी १९८२ मध्ये ‘कॅथलिक बिब्लिकल क्वार्टर्ली’त एक लेख लिहून याच संदर्भावर बोट ठेवले. येशू या विधवेचे कौतुक करतो आहे की तिच्यासाठी हळहळतो आहे, असा त्यांचा सवाल होता आणि त्यांचा कौल हळहळीकडे होता. त्यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. वाद बाजूला ठेवून आपण मजकुराकडे परत जाऊ, कारण राइट यांचे म्हणणे पटो न पटो, त्यांनी विचारलेला प्रश्न आता पुसता येत नाही.

येशू काय म्हणतो ते हळू वाचा. बाकीच्यांनी भरल्या घरातून टाकले, हिने कमतरतेतून टाकले, होते नव्हते ते सगळे टाकले. तो हिशेब मांडतो. तुम्हीही असेच करा, असे तो म्हणत नाही. लूकमध्ये दयाळू शोमरोन्याची गोष्ट सांगून झाल्यावर तो स्पष्ट आज्ञा देतो, इथे देत नाही. तो त्या बाईशी बोलतही नाही. आपल्याकडे कुणी पाहिले, हे तिला कळलेलेच नाही. तो शिष्यांना जवळ बोलावतो, म्हणजे धडा शिष्यांसाठी आहे.

नाण्यांचे मोल पाहिले की चित्र आणखी स्पष्ट होते. मार्क आपल्या वाचकांसाठी सांगतो की दोन टोल्या म्हणजे रोमन चलनातला एक क्वाद्रान्स. असे ६४ क्वाद्रान्स म्हणजे एक दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. दिवसभराच्या मजुरीचा चौसष्टावा भाग ही तिची सगळी ठेव. यहुदी परंपरेचा मिश्ना हा ग्रंथ सांगतो की मंदिरात शिंगासारख्या निमुळत्या आकाराच्या तेरा दानपेट्या होत्या. इतक्या पेट्यांत इतकी माणसे नाणी टाकत असताना येशूने दोन हलकी तांब्याची नाणी टिपली. समोर बसून, लोक कसे टाकतात ते तो पाहत होता, हा तपशील मार्क मुद्दाम देतो.

आणि एक जोडी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. अध्याय १३ मध्ये येशूचे दीर्घ भाषण आहे. त्याच्या अलीकडे ही विधवा आहे आणि पलीकडे, अध्याय १४ च्या सुरुवातीला, बेथानीतली ती स्त्री आहे जिने त्याच्या मस्तकावर तीनशे दिनारांहून अधिक किमतीचे सुगंधी तेल ओतले. एकीचे दान दुसरीच्या एकोणीस हजार पटींहून मोठे. तेलवालीला लोक टोकतात तेव्हा येशू तिची बाजू घेतो, तिने चांगले केले असे उघड सांगतो, तिची आठवण जगभर राहील असे म्हणतो. विधवेविषयी असा एकही शब्द नाही. पैशाच्या आकड्यावरून तो माणसाला तोलत नाही, हे तर या जोडीतून कळतेच. मला त्यात आणखी एक दिसते : दान कुणाच्या हाती गेले, याकडेही त्याचे लक्ष आहे.

इथे पहिले वाचन आपल्या मदतीला येते. सारफथ हे सीदोनच्या मुलखातले गाव, आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे. ज्या ईजबेल राणीच्या धाकाने एलीयाचे पुढचे आयुष्य पळापळीत गेले, तिचे माहेर याच सीदोन्यांकडचे. दुष्काळात देव त्याला तिथे, परक्या दैवताच्या देशात, एका विधवेकडे पाठवतो. गावाच्या वेशीशी ती काटक्या वेचते आहे. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडे तेल. काटक्याही दोनच हव्यात, कारण शेवटचीच भाकर भाजायची आहे. ती खाऊन मुलासह मरायचे, असे ती त्या परक्या माणसाला तोंडावर सांगते. मंदिरातली विधवा मुकी आहे, ही मात्र बोलते. एलीया आधी पाणी मागतो, मग भाकर मागतो, आणि आधी मला दे म्हणतो.

हे ऐकताना आपण अस्वस्थ व्हायला हवे. शास्त्री विधवेचे शेवटचे घेतात, संदेष्टाही विधवेचे शेवटचेच मागतो. फरक कुठे आहे? या आठवड्यातला हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे आणि समूहाच्या बैठकीत पुष्कळ वेळ याच्यावरच जावा असे मला वाटते. मजकुरात शोधले तर धागे सापडतात. एलीया स्वतः उपाशी आहे. तो मागतो तेव्हा पीठ सरणार नाही, तेल आटणार नाही, असे देवाचे वचनही तिला देतो. पुढे पुष्कळ दिवस तो, ती आणि तिच्या घरचे एकाच मडक्यातले खातात. मागणारा देणारीच्या चुलीशी बसला आहे. शास्त्र्यांची जागा मात्र मेजवानीतल्या पहिल्या रांगेत आहे.

मग स्तोत्र १४६ म्हणताना आवाज बदलतो. देव भुकेल्यांना अन्न देतो, परक्यांना सांभाळतो, अनाथांना आणि विधवांना उभे करतो, असे आपण गातो. कुणाच्या हातांनी? आरंभीच्या मंडळीला हा प्रश्न लगेच पडला होता. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये मंडळीतली पहिली मोठी कुरबूर नोंदवली आहे, ती ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले म्हणून. त्यावर सात माणसे नेमली गेली. प्रार्थना लांबवून तो प्रश्न सुटला नाही, वाटप सुधारून सुटला.

महाराष्ट्रात या वाचनाला एक मोठी वाचक मिळाली होती. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये स्वतः विधवा झाल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढे केडगावला मुक्ती उभी केली. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर आले. सारफथची आणि मंदिरातली विधवा केडगावात, घरातून टाकलेल्या बायकांच्या शेजारी बसून वाचली जात होती. ‘मी किती देतो’ हा प्रश्न तिथे पहिला सुचलाच नसता.

म्हणून माझी विनंती आहे की या रविवारी पूर्ण वाचन घ्यावे. पाच मिनिटे अधिक लागली तरी शास्त्र्यांना वगळू नये. आणि वाडीतल्या बैठकीत एखादी विधवा बसली असेल तर तिला तिच्या त्यागाबद्दल विचारू नये. तिला वाटले तर तिने आधी बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे. इतरांनी स्वतःला विचारायचे ते असे : आपल्या धर्मग्रामात नवे बांधकाम निघते, सण येतो, वर्गणी ठरते, तेव्हा ज्या घरात कमावते माणूस गेले आहे तिथे आपण किती रक्कम सांगून येतो? त्या घरी आपण मागायला जातो तितक्या वेळा द्यायला जातो का? देणगीदारांच्या फलकावर ज्यांचे नाव कधी येत नाही त्यांच्या दानाचा हिशेब आपल्यात कोण ठेवतो? आणि आपण कुणाचे शास्त्री आहोत, हेही.

त्या विधवेचे मोठेपण यातून कमी होत नाही. ती देवावर विसंबून सगळे टाकते आणि थोड्याच दिवसांत येशूही सगळेच देणार आहे. तिच्या श्रद्धेपुढे मी नमतो. फक्त तिच्या दोन टोल्या दाखवून दुसऱ्या गरिबाकडून तिसरी मागितली जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

गेल्या रविवारी एका शास्त्र्याला येशूने तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस असे सांगितले होते, ते विसरू नका. एकाच अध्यायात दहा वचनांच्या आत हे दोन्ही येते. ते एकत्र कसे वाचायचे, हे या आठवड्यात घरी लिहून काढा. पुढच्या रविवारी मार्क १३:२४-३२ आहे. येताना मधली तेवीस वचनेही वाचून या, आणि मंदिर पडणार हे ऐकल्यावर शिष्यांना सर्वांत आधी काय विचारावेसे वाटले, ते शोधून ठेवा.