तारा उलट्या जोडल्या की झालं?

"जुन्या ब्रिटिश गाडीचं अर्थिंग उलटं असतं ना? मग रेडिओच्या दोन तारा उलट्या जोडायच्या, झालं काम!" हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे की आता समोरच्याला बसवून चहाच देतो, कारण समजवायला वेळ लागतो.

१९५०च्या दशकातल्या मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. आजच्या रेडिओचं निगेटिव्ह मात्र नुसत्या काळ्या तारेत नसतं. त्याचं पत्र्याचं खोकं आणि एरियलच्या केबलवरची जाळी, दोन्ही आतून निगेटिव्हलाच जोडलेली असतात. तारा उलटवून टेबलावर ठेवलात तर रेडिओ छान वाजतो, आणि गैरसमज जिवंत राहतो तो इथेच. तोच डॅशबोर्डमध्ये स्क्रूने आवळला की निगेटिव्ह खोकं पॉझिटिव्ह बॉडीला टेकतं. थेट शॉर्ट! नशीब असेल तर फ्यूज जातो, नसेल तर वायरिंगचा धूर निघतो. खोक्याला रबर गुंडाळून सुटका नाही, कारण एरियलचा बुडखा बॉडीवरच बसवलेला असतो.

मग करायचं काय? एक तर इनपुट-आउटपुट पूर्ण वेगळं ठेवणारा कन्व्हर्टर लावा. नाहीतर गाडीच निगेटिव्ह अर्थ करा. त्यात बॅटरीच्या तारा, इग्निशन कॉइलच्या तारा आणि अँपिअरमीटरच्या तारा बदलाव्या लागतात. डायनॅमोच्या लोखंडात जुन्या दिशेचं चुंबकत्व उरलेलं असतं. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी त्याच्या एफ टर्मिनलची तार काढून तिथे बॅटरीच्या लाइव्ह टोकाची तार क्षणभर टेकवायची. ही पायरी गाळली की चार्जिंग उलटं होतं आणि दोष बिचाऱ्या रेडिओवर येतो.

आणि आधी बॅटरीकडे डोळ्यांनी पाहा. साठ वर्षांत कोणा वायरमनने अर्थ केव्हाच बदलून ठेवलेला असू शकतो.

बाकीचे गैरसमज किरकोळ. "रेडिओ खरखरतो म्हणजे खराब." बहुतेकदा खरखर इग्निशनची असते; प्लगच्या तारांना सप्रेसर आणि डायनॅमोच्या आउटपुटला कंडेन्सर लावा, पण एफ टर्मिनलवर तो लावू नका.

"स्पीकरची एक तार बॉडीला दिली तरी चालते." जुन्या रेडिओंना चालायची. आताच्यांचा अँप्लिफायर त्याने जळतो.

"मूळचा रेडिओ एफएम धरत नाही, म्हणजे बिघडलाय." भारतात एफएमच १९७७ साली मद्रासहून सुरू झालं. १९५५चा संच ते कसं धरणार? त्याला मीडियम वेव्ह लावून बघा.

"रेडिओ बसवला की व्हिंटेज नोंदणी जाते." २०२१च्या केंद्रीय नियमांत मोठ्या बदलांची जी नावं आहेत ती चॅसी, बॉडीशेल आणि इंजिनची. रेडिओचं नाव त्यात नाही. तरीही डॅशबोर्ड कापू नका. रेडिओ ग्लोव्ह बॉक्समध्ये मावतो.