ट्रंकेतले कागद वहीत कसे आणावेत? स्क्रॅपबुकची सुरुवात करणाऱ्यांसाठी

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आमच्या फुफीचं घर तळमजल्याला होतं. माणसं वरच्या मजल्यावर गेली, सिलेंडर गेला, धान्याचा डबा गेला. पलंगाखालची ट्रंक तिथेच राहिली. पाणी ओसरल्यावर ती उघडली, तर आत लग्नाचे दोन अल्बम, आखातातून आलेली पत्रं, नानांचा हजचा फोटो आणि मुलांच्या मार्कशीट, सगळ्याचा मिळून एक चिखलाचा गोळा झालेला. फ्रिज नवा घेता आला. नाना हजला आगबोटीने गेले होते. मुंबईहून जेद्दाला जाणारी ती जहाजं १९९५ मध्ये बंद झाली. गळ्यात हार घालून गोदीत उभे असलेले नाना त्या एकाच फोटोत होते आणि त्याची दुसरी प्रत कोणाकडेच नव्हती.

तेव्हापासून आमच्या घरात उरल्यासुरल्या कागदांच्या वह्या करायचं काम सुरू आहे. त्याला आजकाल स्क्रॅपबुक म्हणतात. वाचक भगिनी आणि विद्यार्थी आम्हाला अधूनमधून विचारतात की हे नक्की काय असतं, महाग पडतं का, चित्रकला यावी लागते का. चित्रकला लागत नाही. खर्चाचं म्हणाल तर आमची पहिली वही सातशे रुपयांच्या आत झाली. वेळ मात्र लागतो, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायची तयारी लागते.

साध्या शब्दांत सांगायचं तर स्क्रॅपबुक म्हणजे फोटो, पत्रं, तिकिटं, लग्नपत्रिका, कापडाचा तुकडा अशा वस्तू जाड पानांवर लावून शेजारी त्यांची हकीकत लिहिलेली वही. अल्बममध्ये नुसते फोटो असतात, इथे हकीकतही असते. हे काही अमेरिकेहून आलेलं खूळ आहे असं समजू नका. अमेरिकेत या छंदाला मोठा बाजार आहे हे खरं. मार्क ट्वेन या लेखकाने तर १८७३ मध्ये आधीच गोंद लावलेल्या पानांच्या स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं. पण आपल्याकडे मुघल दरबारात ‘मुरक्का’ बनत असे. चित्रं, सुलेखनाचे नमुने, वेलबुट्टीचे हाशिये असे वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या काळातले तुकडे एका पुस्तकात जोडायचे. मुरक्का या शब्दाचा अर्थच मुळी ठिगळं जोडलेला. म्हणजे आपली गोधडीच म्हणा, पण कागदाची. दारा शिकोहने पत्नी नादिरा बानू बेगमला दिलेला असा मुरक्का आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

आधी विषय छोटा घ्या

पहिली चूक आम्ही केली ती ‘संपूर्ण खानदानाचा इतिहास’ काढायला बसण्याची. तीन आठवड्यांत जमिनीवर कागदांचा ढीग झाला आणि वही कोरीच राहिली. मग ढीग परत ट्रंकेत टाकला आणि ठरवलं की फक्त फुफीचं लग्न. बारा पानं. महिनाभरात वही उभी राहिली.

तुम्हीही असाच एक धागा धरा. वडिलांची आखातातली वर्षं, एक ईद, मुलाच्या शाळेचं पहिलं वर्ष, नानीचा स्वयंपाक. नानीच्या स्वयंपाकाला तर फोटोही लागत नाही. तिने वाण्याच्या बिलाच्या पाठीवर लिहिलेलं सांदणांचं प्रमाण, मसाल्याची यादी आणि तिच्या हाताचे तेलाचे डाग एवढ्यावर चार पानं भरतात.

फोटोंचा विषय निघालाच आहे तर सांगतो. काही घरांत बायकांचे फोटो वहीत लावणं पसंत नसतं. त्यावर वाद घालत बसू नये, कारण स्क्रॅपबुकचं फोटोवाचून अडत नाही. हस्ताक्षर, निकाहाच्या दिवशीच्या दुपट्ट्याची किनार, मुलीने कागदावर हात ठेवून काढलेला पंजा आणि त्यावर पेनाने काढलेली मेंदी, आखातातून आलेल्या ऑडिओ कॅसेटचं कव्हर, ज्यावर अब्बांनी तारीख घातली आहे. अशी वही पुष्कळदा फोटोंच्या वहीपेक्षा वाचायला चांगली होते, असं आमचं मत.

कागद, गोंद आणि वही

इथे जरा थांबून वाचा, कारण बहुतेक वह्या इथेच बिघडतात. वर्तमानपत्राचा कागद पिवळा का पडतो? तो लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यात लिग्निन नावाचं द्रव्य राहिलेलं असतं. ऊन आणि हवा लागली की ते रंग बदलतं आणि आम्ल तयार होतं. ते आम्ल शेजारच्या कागदालाही खातं. म्हणून दुकानात ‘ॲसिड फ्री’ असं लिहिलेला, साधारण २०० जीएसएम किंवा त्याहून जाड कागद मागा. वर्तमानपत्राचं कात्रण लावायचंच असेल तर चांगल्या कागदावर त्याची झेरॉक्स काढा आणि ती लावा.

सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात लिग्निनचा त्रास नसतो. या कागदाशी आपलं जुनं नातं आहे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागणारा कागजीपुरा हे नावच कागद बनवणाऱ्या मुस्लिम कारागिरांवरून पडलेलं. जुन्नरलाही कागजी होते आणि जुन्नरी कागद पेशवाईच्या दप्तरांत वापरला जाई. त्या काळचे कागद आजही वाचता येतात आणि आमच्या लग्नातलं १९९० च्या दशकातलं वर्तमानपत्र हातात घेतलं की चुरा होतो. आता, हातकागद घेताना पाकळ्या आणि रंगीत धागे घातलेला नको, तो दिसायला छान पण रंग सोडतो. साधा पांढरा घ्या.

वहीपेक्षा फाईल बरी, रिंगची. पानं मागेपुढे करता येतात आणि नंतर एखादी मावशी नवा फोटो घेऊन आली तर मधे पान घालता येतं. प्लास्टिकचे पाऊच घेताना वास घ्या. नव्या रेनकोटसारखा वास आला तर ते पीव्हीसी असतं, ते फोटोला चिकटतं आणि शाई ओढून घेतं. पॉलिप्रॉपिलीनचे पाऊच मागा.

चिकटपट्टी नको. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होतो, पट्टी गळून पडते आणि डाग राहतो. पांढऱ्या पातळ गोंदाने कागद सुजतो. घरची खळ लावली तर कसर लागते. फोटोसाठी सगळ्यात चांगले कागदी कोपरे, ज्यांत फोटोची चार टोकं अडकवतात. फोटोला गोंद लागतच नाही, हवा तेव्हा काढता येतो. विकत मिळाले नाहीत तर जाड कागदाची पट्टी दुमडून घरी करता येतात, आमच्या मुलांनी एका रविवारी शंभरेक केले.

लॅमिनेशन करू नका. हे आम्ही पोळलो म्हणून सांगतो. फुफीचं एक उरलेलं पत्र ‘टिकेल’ म्हणून आम्ही बाजारातल्या एका दुकानातून लॅमिनेट करून आणलं. गरम रोलरखाली ओलसर कागद काळवंडला आणि आता तो प्लास्टिकमधून कधीच बाहेर काढता येणार नाही.

काही गोष्टी मुळात वहीत लावायच्याच नसतात. निकाहनामा, जन्मदाखला, सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड, पासपोर्ट यांच्या अस्सल प्रती वेगळ्या फाईलमध्ये, घरात उंचावर ठेवा. वहीसाठी त्यांची रंगीत झेरॉक्स. कोणता जुना कागद कधी मागितला जाईल याचा भरवसा नाही, आणि कोपरा कापलेला किंवा गोंद लावलेला दाखला खिडकीवर चालत नाही.

लग्नपत्रिकांचा प्रश्न आणखी वेगळा. त्यांवर बिस्मिल्लाह किंवा आयत छापलेली असते. त्यामुळे टाकवतही नाही आणि कापवतही नाही. आम्ही त्या आख्ख्या ठेवतो, पाऊचमध्ये, फाईलच्या सुरुवातीच्या पानांत. त्यांवर काही चिकटवत नाही.

अल्बमला चिकटलेले फोटो

गोंदाच्या रेघा आणि वर पारदर्शक कागद असलेले अल्बम १९७०-८० च्या दशकांत घरोघरी आले. त्यांतले फोटो आता निघत नाहीत. ओढू नका, कोपऱ्यापासून फाटतात. दात साफ करायचा पातळ धागा मिळतो, तो फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू ओढत न्या. नाहीच सुटला तर आधी आहे तिथेच त्याचा फोटो काढून घ्या.

आणि फोटो पाण्यात भिजलेच, तर वाळू देऊ नका. हे ऐकायला उलटं वाटतं, पण चिकटलेले फोटो वाळले की कायमचे एक होतात. ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यात ठेवून सुटे करा, चिखल हलक्या पाण्याने जाऊ द्या, बोटाने चोळू नका. मग सावलीत कापडावर, चित्राची बाजू वर करून पसरा. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढा वेळ नसेल तर रंगीत फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत, नंतर सवडीने सोडवता येतात. फुफीच्या घरात त्या आठवड्यात वीज नव्हती, आणि हे आम्हाला तेव्हा माहीतही नव्हतं.

लिहायचं काय?

वहीचा जीव इथे आहे. सजावट, फुलांचे स्टिकर, रंगीत टेप हे मुलांना आवडतं, करू द्यावं. पण चाळीस वर्षांनी वही उघडणारा स्टिकर बघणार नाही, तो विचारेल, ‘हे कोण?’

म्हणून प्रत्येक फोटोखाली डावीकडून उजवीकडे नावं. कोण, कुठे, कधी, फोटो कोणी काढला. घरातलं नाव आणि कागदावरचं नाव दोन्ही, कारण आपल्याकडे ज्याला सगळे ‘बाबू’ म्हणतात त्याचं पासपोर्टवरचं नाव सख्ख्या पुतण्याला माहीत नसतं. बायकांचं स्वतःचं नाव आणि माहेरचं गाव आवर्जून लिहा. आम्हाला सापडलेल्या जुन्या फोटोंच्या मागे ‘अमुकची सून’, ‘तमुकची बेगम’ एवढंच होतं. त्या बायका कोण होत्या ते आता फक्त फुफी सांगू शकते, आणि ती एक्याऐंशी वर्षांची आहे.

लिहिताना मऊ पेन्सिल वापरा. बॉलपेन फोटोच्या पाठीवर दाबून चालवला की पुढच्या बाजूला रेघ उमटते. हल्लीच्या गुळगुळीत फोटोंवर पेन्सिल चालत नाही, तेव्हा चिठ्ठी लिहून सोबत ठेवा.

तारीख नसेल तर हिशोबाने काढता येते. फुफीकडे ईदचा एक रंगीत फोटो आहे, अंगणात सगळी भावंडं. साल कोणाला आठवेना. आम्ही विचारलं, ‘फुफी, हवा कशी होती?’ ती म्हणाली, ‘अरे, आंबे संपत आले होते. नमाजाहून माणसं भिजून आली. पहिलाच पाऊस.’ म्हणजे ईद जूनमध्ये. रमझान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांनी त्याच हंगामात परत येतो. जूनमधली ईदुल फित्र १९५३ च्या आसपास होती, मग १९८५ आणि १९८६ ला, मग २०१८ आणि २०१९ ला. फोटो रंगीत, म्हणजे १९५३ नाही. फुफीच्या मांडीवर जो धाकटा आहे त्याचा जन्म ८४ चा. झालं, १९८५ किंवा ८६. त्याला अजून पायावर उभं राहता येत नाहीसं दिसतं, म्हणून आम्ही १९८५ लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह ठेवावं, उगाच ठाम लिहू नये.

म्हातारी माणसं बोलताना मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा, त्यांना सांगून. आणि एका बैठकीत पाच-सहा फोटोच दाखवा. जास्त दाखवले की थकतात आणि ‘असेल कोणीतरी’ म्हणू लागतात.

दुसरी प्रत

वही झाली की प्रत्येक पान स्कॅन करा, छोट्या फोटोंना ६०० डीपीआय ठेवा. स्कॅनर नसेल तर खिडकीशी, फ्लॅश बंद करून मोबाईलने. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नुसता फोटो म्हणून पाठवला तर तो बारीक होऊन जातो. आमच्या वहीची एक प्रत दोहाला मामूंकडे आहे, एक पुण्यात. अस्सल वही लोखंडी कपाटात वरच्या फळीवर, आडवी. पावसाळ्यात सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डांबरगोळ्या असल्याच तर फोटोंपासून लांब, दुसऱ्या फळीवर.

गोदीतला तो फोटो गेला तो गेला. पण वहीच्या चौथ्या पानावर आम्ही फोटोएवढी चौकट रिकामी ठेवली आहे आणि खाली फुफीच्या शब्दांत लिहिलं आहे की नानांनी कोणत्या रंगाची शेरवानी घातली होती, हार कोणी आणले होते, आणि बोट सुटताना नानी खाली बसून का रडत होती. मागच्या महिन्यात रत्नागिरीहून एका दूरच्या नातेवाइकांचा फोन आला. त्यांच्या वालिदसाहेबांनीही त्याच बोटीने हज केलं होतं आणि त्यांच्याकडे गोदीतले दोन फोटो आहेत, माणसांच्या गर्दीचे. येत्या जुम्यानंतर फुफीला घेऊन तिकडे जायचं आहे. तिचा चष्मा आणि एक भिंग बरोबर घ्यायला सांगितलं आहे.